रिपोर्ट घेण्याआधी

रविवारी सकाळी पद्मजा शिंत्रे युनिफॉर्मला इस्त्री करत होती, तेव्हा स्वयंपाकघरातून उल्हासकाकांचं फोनवरचं बोलणं तिच्या कानावर आलं. "एक नर्स तर माझ्या घरातच आहे," ते इंग्रजीत कुणाला तरी सांगत होते. "काळजी सोडा. मी घेऊन येतो तिला." बाहेर आदल्या दुपारपासून पाऊस कोसळत होता. ऑयस्टर क्रीक नावाच्या ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं आणि पद्मजाची छोटी टोयोटा त्यात नक्कीच बंद पडली असती. काका आपल्याला त्यांच्या मोठ्या गाडीतून हॉस्पिटलला नेणार आहेत, एवढाच अर्थ तिने त्या बोलण्यातून घेतला आणि मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. आपल्या नावाने काहीतरी कबूल होऊन गेलंय, हे तिला तेव्हा कळलं नाही.

डॉक्टर उल्हास निकम म्हणजे तिच्या वडिलांचे सांगलीच्या शाळेपासूनचे मित्र. वडील इंजिनियर होऊन शिकागोजवळ शॉमबर्गला स्थिरावले, काका डॉक्टर होऊन टेक्ससमध्ये शुगर लँडला. पद्मजा अकरा वर्षांची असताना अमेरिकेत आली, इलिनॉयमध्येच शिकली, आणि नर्सिंगची पदवी घेऊन तिने तिथल्या मराठी मंडळींना कोड्यात टाकलं. मुलगी हुशार, मार्क उत्तम, मग डॉक्टर का नाही? वडिलांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. कुणी विचारलं की "मेडिकलमध्ये आहे" एवढंच सांगायचं आणि घरांच्या किमतींवर बोलायला लागायचं. पण गेल्या वर्षी पद्मजाने शिकागोची कायमची नोकरीही सोडली आणि ती ट्रॅव्हल नर्स झाली. १९८८ सालचा तो काळ. नर्सेस मिळत नव्हत्या, गावोगावची हॉस्पिटलं एजन्सीकडे माणसं मागत होती. एजन्सी एका ठिकाणी तेरा आठवड्यांसाठी पाठवायची, करार संपला की दुसऱ्या गावी. वडिलांना हे कुणाला कसं सांगावं तेही कळेना, तेव्हा त्यांनी सांगणंच बंद केलं.

या कामातले खाचखळगे पद्मजाला शिकवले ते प्रतिमाताईने. ओहायोतल्या कामावर असताना तिची तिथल्याच डब्लिन गावात राहणाऱ्या या बाईशी ओळख झाली होती. प्रतिमाताईने अशी कितीतरी गावं पालथी घातली होती आणि तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर मत होतं. नवे बूट घालून नव्या हॉस्पिटलात जाऊ नये. पहिल्याच दिवशी इमर्जन्सीच्या औषधांच्या ढकलगाडीचा प्रत्येक खण स्वतःच्या हाताने उघडून पाहावा, कारण दर हॉस्पिटलात औषधं निराळ्या खणात असतात आणि हात मात्र जुन्या सवयीने जातो. दोस्ती करायची तर वॉर्डच्या क्लार्कशी करावी. आणि जेवणाच्या खोलीत रिकामी खुर्ची दिसली म्हणून बसू नये, ती वर्षानुवर्षं कुणाची तरी असते.

दोन गोष्टी मात्र ती फोनवर पुन्हा पुन्हा सांगायची. पहिली, आपल्या लोकांच्या घरी मुक्काम करायचा नाही. "जेवायला बोलावलं तर जेव, लोणचं दिलं तर घे, पण झोपायला एजन्सीच्या खोलीत जा," असं तिचं म्हणणं. दुसरी गोष्ट रिपोर्टची. पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला बसवून एकेका पेशंटची हकिगत सांगते, दोघी मिळून अमली औषधं मोजतात, आणि कपाटाच्या किल्ल्या या हातातून त्या हातात जातात. तोवर पेशंट जाणारीचे. किल्ल्या घेतल्या की ते तुझे. मग झेपत नाही म्हणून निघून गेलीस, तर पेशंट टाकून गेल्याचा ठपका बसतो आणि परवाना जातो. "बोलायचं ते रिपोर्ट घेण्याआधी बोल," प्रतिमाताई म्हणायची. "नंतर तोंड बंद आणि काम सुरू."

पहिली गोष्ट पद्मजाला पाळता आली नाही. हायवेला लागून असलेल्या एजन्सीच्या अपार्टमेंटचं नाव ऐकताच उल्हासकाकांच्या पत्नी सुनेत्राकाकूंनी थेट शॉमबर्गला फोन लावला, तिच्या आईशी बोलल्या, आणि दोघींनी मिळून प्रश्न निकालात काढला. आपली माणसं गावात असताना मुलगी एकटी राहणार म्हणजे काय? गेले काही आठवडे पद्मजा काकूंच्या हातच्या पोळ्या खात होती, कामावर निघताना हातात डबा मिळत होता. खोटं कशाला बोला, बरं वाटत होतं.

गाडीत काका खुशीत होते. पाणी कापत गाडी हळूहळू चालली होती, वायपर थकल्यासारखे फिरत होते, आणि काका सांगत होते की कौंटीचे निम्मे रस्ते बंद आहेत, आज जो पोचेल त्याची किंमत राहील. "तुला आज चान्स आहे बघ," ते म्हणाले. पद्मजाने मान डोलावली. तिच्या मेडिकल वॉर्डात आज दोघींचं काम एकीला करावं लागणार, असं तिने गृहीत धरलं आणि त्याची मनाशी जुळणीही सुरू केली.

हॉस्पिटलच्या दारातच मिसेस हॉजेस उभ्या होत्या. त्या सुपरवायझर. केस विस्कटलेले, हातात फोन नंबरांचा कागद. पद्मजा दिसताच त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका उमटली, तिच्यामुळेच पद्मजाला पहिल्यांदा शंका आली. आज तुला वर आयसीयूत जायचंय, हॉजेस म्हणाल्या. तिथल्या दिवसपाळीच्या नर्सेस पाण्यामुळे अडकल्यात. रात्रीची डॉना एकटी आहे, तिला सोडायचंय. डॉक्टर निकम म्हणाले, तुला जमेल.

पद्मजाने वळून पाहिलं. काका लिफ्टपाशी छत्री झटकत कुणाशी तरी हसून बोलत होते. सकाळचा फोन तेव्हा तिला उलगडला.

ती वर गेली, कारण न पाहता नाही म्हणणं तिला पटेना. आयसीयू लहान होतं, आणि भरलेल्या खाटा तीन. पहिल्या खाटेवर मिस्टर गार्झा, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, काकांचे पेशंट. मोठा हार्ट अटॅक आलेला, घशात नळी, श्वास व्हेंटिलेटरवर. रक्तदाब एका ड्रिपच्या जोरावर टिकलेला, आणि ते ड्रिप क्षणोक्षणी पाहून कमी-जास्त करावं लागणारं. दुसऱ्या खाटेवर पोटाच्या ऑपरेशनची बाई, अजून गुंगीत. तिसऱ्यावर एक म्हातारे पाद्री, हृदयाचे ठोके चुकतात म्हणून मॉनिटरला जोडलेले, आणि कॉफी मिळत नाही म्हणून नाराज.

पद्मजा दारात उभी राहून एकेक गोष्ट पाहत गेली. तिला स्वतःची समजूत घालायची नव्हती आणि स्वतःला घाबरवायचंही नव्हतं. फक्त खरं काय ते हवं होतं. शीर सापडणं, औषधं देणं, ताप-नाडी-दाब, हृदय बंद पडलं तर छाती दाबणं, हे तिला येत होतं, चांगलं येत होतं. व्हेंटिलेटर तिने शिकताना पाहिला होता, पण नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी पेशंटचा. मॉनिटरवरची धोक्याची रेघ पुस्तकात ओळखता येत होती. खरोखरीची रेघ आणि पेशंट कुशीवर वळल्यामुळे हललेली रेघ यांतला फरक तिला पाहताक्षणी सांगता आला नसता. आणि ते ड्रिप तिने आयुष्यात कधी चालवलं नव्हतं. आज किल्ल्या घेतल्या तर ती या खोलीत एकटी असणार होती. तिला न येणाऱ्या गोष्टीतलीच एखादी घडली, तर आधी गार्झा जातील आणि मग तिचा परवाना. परवाना म्हणजे तिचं सगळं. त्याच्याच जिवावर ती कुठल्याही गावात पाऊल टाकू शकत होती. आणि नाही म्हटलं, तर करार जाईल आणि ज्यांच्या घरी ती जेवतेय त्यांचा शब्द त्यांच्याच लोकांसमोर पडेल.

डॉनाने तिला खुर्ची ढकलून दिली. चाळिशीची, उंच बाई, डोळे लाल झालेले. पद्मजा बसायच्या आधीच तिने सुरुवात केली, पहिली खाट, गार्झा, वय एकाहत्तर...

"थांब," पद्मजा म्हणाली. "मला रिपोर्ट देऊ नकोस."

डॉना थांबली. हॉजेस दारात आल्या होत्या, त्याही थांबल्या. पद्मजाने उभ्यानेच सांगितलं की हे पेशंट एकटीने सांभाळायला लागतं ते तिला येत नाही, आणि येतं असं दाखवून ती त्यांना ताब्यात घेणार नाही. घरी जायला ती निघालेली नाही. दिवसभर इथे थांबेल, डॉना सांगेल ते करेल, अंग पुसण्यापासून औषधं देण्यापर्यंत. पण आयसीयूचं काम येणारी नर्स पोचेपर्यंत पेशंट डॉनाचेच राहतील.

हॉजेसनी आधी समजावलं. मग त्यांचा आवाज चढला. ही बाई काल संध्याकाळपासून उभी आहे, तिची मुलं घरी आहेत आणि घराच्या अंगणात पाणी आहे, याचा तुला काही विचार? ट्रॅव्हल नर्सला दुसऱ्या वॉर्डात पाठवायची तरतूद करारात आहे ना? पद्मजाने सांगितलं, आहे, पण मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डात, आयसीयूत नाही. यावर हॉजेस म्हणाल्या की त्या आत्ता, इथूनच एजन्सीला फोन करतायत, आणि फोन करायला गेल्याही. रविवारच्या सकाळी एजन्सीत कुणी उचलणार नाही हे दोघींनाही माहीत होतं.

डॉनाने खुर्चीत मान मागे टाकली आणि डोळे मिटले. पद्मजाला ते हॉजेसच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

काका आले ते हसतच. त्यांनी आधी इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की पॅमला थोडा संकोच वाटतोय, ती फार हुशार आहे, जरा वेळ द्या. इथे सगळे तिला पॅम म्हणत, काकाही. मग तिच्या जवळ येऊन त्यांनी आवाज उतरवला आणि मराठीत सुरुवात केली.

"पद्मजा, लोक बघतायत. मी शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

"तू सांभाळशील असा. आणि मी आहेच की बिल्डिंगमध्ये. काही वाटलं तर मला बोलव."

"कधी बोलवायचं ते मला कळलं पाहिजे ना, काका. नेमकं तेच मला कळणार नाही."

तिचा मुद्दा काकांना कळला नाही असं नव्हतं. पण ते मागे हटले नाहीत. त्यांनी सांगितलं की ते रेसिडेंट म्हणून आले तेव्हा "तुला येतं का" असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. उभं केलं, म्हणून केलं. करता करता आलं. असं घाबरून कसं चालेल?

पद्मजा म्हणाली की ती घाबरलीच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"घरात तुला कुणी परकं मानलं नाही," काका म्हणाले. आता हसू गेलं होतं. "आज तू परक्यासारखी वागतेयस."

तिला वाटलं होतं हे वाक्य येईल. तरी ते आलं तेव्हा कानशिलं तापली. आठवड्यांमागून आठवडे खाल्लेल्या पोळ्या, काकूंनी रात्री दार लोटून हळूच ठेवलेलं दूध, सगळं एकदम पुढे आलं. हो म्हणणं अगदी सोपं होतं. खुर्चीत बसायचं आणि ऐकायचं.

"घरी मी तुमचीच आहे," ती म्हणाली. "इथे मात्र माझ्या नावावर काम करते मी. माझ्या नावाने हो म्हणायच्या आधी मला विचारायचं होतंत."

यावर काका काय म्हणाले असते कोण जाणे. पहिल्या खाटेचा व्हेंटिलेटर कर्कश वाजायला लागला.

पद्मजा सगळ्यात जवळ होती. ती धावली, आणि तिचा हात आपोआप मशीनकडे गेला. कुठला आकडा चुकतोय, कुठलं बटण दाबून हा आवाज बंद करायचा, हे ती शोधायला लागली. एवढ्यात डॉनाने तिला बाजूला सारलं. डॉनाने मशीनकडे पाहिलंही नाही. तिने गार्झांच्या तोंडाकडची नळी मशीनपासून सुटी केली, भिंतीवरची ऑक्सिजनची रबरी पिशवी जोडली आणि ती पद्मजाच्या हातात कोंबली. दाब.

पद्मजाने दाबली. पिशवी दबेना. आत भिंत असावी तशी ती हातावर उलटत होती. गार्झांचे ओठ करडे पडत चालले होते आणि त्यांची बोटं चादरीवर काहीतरी चाचपत होती.

"छातीकडे बघ, पिशवीकडे नको," डॉना म्हणाली.

छाती हलत नव्हती. काकांनी तोवर स्टेथोस्कोप लावला होता. आत हवा जातच नाहीये, ते म्हणाले, नळी चोंदलीय. डॉना सक्शनची बारीक नळी आत घालतच होती. पहिल्या खेपेला काही आलं नाही. तिने नळीत सलाइनचे थेंब टाकले, पद्मजाला पुन्हा दाबायला सांगितलं, पुन्हा सक्शन. त्याच वेळी रक्तदाबाचा आकडा घसरायला लागला. ड्रिप वाढवा, काका म्हणाले. डॉनाचे दोन्ही हात गुंतलेले. काकांनी पद्मजाच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली, आणि डॉना मान न वळवता तिला ड्रिपच्या पंपाची बटणं सांगत गेली. वरचं नको. खालचं. आता एकदा. थांब. आता आणखी एकदा.

तेवढ्यात तिसऱ्या खाटेचा मॉनिटर वाजला.

पद्मजाने पाहिलं. पडद्यावर रेघ वेडीवाकडी धावत होती, दात विचकल्यासारखी. पुस्तकातलं ते चित्र तिला आठवलं, आणि हे तेच आहे की नाही हे तिला सांगता येईना. तिने तसंच सांगितलं. तिसऱ्याची रेघ भयंकर दिसतेय, खरी आहे का मला कळत नाही.

"माणूस कसा दिसतोय?" डॉनाने विचारलं.

पद्मजा दोन ढांगांत तिथे पोचली. पाद्रीबुवा बसून होते, छातीवरची चिकटपट्टी ओढून नखाने खाजवत होते. आता तरी कॉफी मिळेल का, त्यांनी विचारलं.

"कॉफी मागतायत."

"मग राहू दे."

पद्मजाने पट्टी पुन्हा चिकटवली. रेघ सरळ झाली. ती वळली तेव्हा डॉनाच्या नळीतून घट्ट, तपकिरी गोळा सुर्रकन बाहेर आला होता आणि काकांच्या हातातली पिशवी एकदम मऊ पडली होती. गार्झांची छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. काका लयीत पिशवी दाबत राहिले. त्यांच्या कानामागून घाम गळत होता, आणि मशीन जोडायची वेळ झाली तरी त्यांनी पिशवी सोडली नाही. डॉनाला ती त्यांच्या बोटांतून काढून घ्यावी लागली.

तीन माणसं लागली होती.

हॉजेस परत आल्या तेव्हा डॉना वॉशबेसिनपाशी हात धूत होती. एजन्सीने फोन उचलला नाही, उद्या लेखी कळवीन, असं हॉजेस पद्मजाला म्हणाल्या. मग डॉनाने पाण्याचा नळ बंद केला आणि शेजारणीला फोन करू द्या म्हणाली, मुलांना तिच्याकडे ठेवायला सांगते. मी थांबतेय. हॉजेस काहीतरी बोलायला गेल्या, पण डॉनाने त्यांना ते बोलू दिलं नाही.

पुढचे तास पद्मजाने स्वतःला कामाला जुंपून घेतलं. डॉना खुर्चीत बसून सांगायची, पद्मजा करायची. कूस बदलणं, लघवीची पिशवी मोजणं, दुसऱ्या खाटेवरच्या बाईला शुद्ध आल्यावर तिचा हात धरणं. काही गोष्टी डॉनाने न विचारता दाखवल्या. व्हेंटिलेटर ओरडला की आधी पेशंट बघायचा, मग नळी, आणि मशीन सगळ्यात शेवटी. काही पद्मजाने विचारून घेतल्या. एकदा डॉनाचा बसल्या जागी डोळा लागला. पद्मजाने तिला लगेच हलवून जागं केलं, आणि जागं करताना तिला स्वतःचीच लाज वाटली. पण तिने केलं. डॉना जागी होती म्हणूनच ती त्या खोलीत उभी राहू शकत होती.

दुपार कलताना फायर ब्रिगेडच्या उंच ट्रकमधून रोझा नावाची आयसीयूची नर्स पोचली, गुडघ्यांपर्यंत भिजलेली. डॉनाने तिला रिपोर्ट दिला, किल्ल्या दिल्या, आणि पर्स उचलली. जाताना ती पद्मजासमोर थांबली.

"तुझं बरोबर होतं," ती म्हणाली. "म्हणून तू मला आवडायला लागलीस असं समजू नकोस."

पद्मजा म्हणाली, तसं मी समजत नाही. डॉनाने तिच्या खांद्यावर थाप मारली असती तर तिला रडू आलं असतं. डॉनाने तसं काही केलं नाही. ती गेली.

परतीच्या वाटेवर पाऊस थांबला होता, आकाश मळक्या काचेसारखं उजळलं होतं, आणि बंद काचांच्या आत घुसमटल्यासारखं होत होतं. घराच्या अलीकडे पोलिसाने गाडी अडवली. पुढे खोलगट भागात पाणी होतं, उतरेपर्यंत थांबा म्हणाला. काकांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. आता न बोलून चालणार नव्हतं.

"बारा वर्षं आहे मी तिथे," काका समोर बघत म्हणाले. "पहिल्यांदा कुणासाठी शब्द टाकला."

ते सांगत राहिले. हॉजेसचा फोन आला तेव्हा त्यांना खरं तर आनंद झाला होता. आपल्याकडची मुलगी, आपल्या घरातली, अडचणीच्या दिवशी उभी राहील, सगळे बघतील. तिच्या वडिलांना ते रात्री फोन करून सांगणार होते की बघ, तुझी पोरगी काय करते ती. त्यांच्या मनात तिला अडकवायचं नव्हतं. तिला येतं की नाही हा प्रश्नच त्यांना सुचला नाही. नर्स म्हणजे नर्स. इतकी वर्षं नर्सेसबरोबर काम करून हा प्रश्न आपल्याला सुचू नये, याचं त्यांना त्या पिशवीशी झटताना नवल वाटत होतं.

पद्मजाला हे अपेक्षित नव्हतं. वडिलांचा उल्लेख तिला हलवून गेला, आणि तिने तोंड खिडकीकडे वळवलं. कुणाचा तरी कचऱ्याचा डबा पाण्यावर तरंगत गोल फिरत होता.

"मी हो म्हटलं असतं आणि सगळं नीट पार पडलं असतं," ती शेवटी म्हणाली, "तर पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा दिला असतात शब्द."

"दिला असता," काका म्हणाले.

तिने मग राहिलेलं सांगून टाकलं. करार टिकला, तर ती शनिवारी एजन्सीच्या अपार्टमेंटमध्ये राहायला जाईल. रागाने नाही. जेवायला येईल, बोलावलं तर. पण ज्या डॉक्टरांच्या पेशंटला ती औषध देते, त्यांच्याच घरून रोज कामावर निघणं तिला आता जमणार नाही. आज एकदा नाही म्हणणं जमलं, रोज जमेल याची तिला स्वतःबद्दल खात्री नाही.

काकांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. त्यांना ते आवडलं नाही हे दिसत होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. हायवेच्या कडेची ती अपार्टमेंटं कसली असतात, ट्रकांचा आवाज केवढा, हे त्यांनी सांगून पाहिलं. मग तेही सोडून दिलं. उद्या हॉजेसना भेटून चूक माझी होती असं सांगेन, ते म्हणाले, आणि लगेच तिच्याकडे वळून विचारलं, सांगू ना?

"सांगा," पद्मजा म्हणाली. "मी पण येते. माझ्यासमोर सांगा."

पोलिसाने हात हलवला. गाडी सुरू झाली आणि पाण्यातून अंदाज घेत पुढे सरकली.

"काकूंना शनिवारचं तुम्ही सांगाल का?" तिने विचारलं.

"छे. ते तू सांग." काकांनी वळणाचा दिवा लावला. "मी आता तुझ्या वतीने कुणाला काही सांगणार नाही."

सुनेत्राकाकू दारातच होत्या. सकाळपासून फोन लागत नव्हता म्हणून जीव टांगणीला लागला होता, त्या म्हणाल्या, कढी गरम करते, दोघंही आधी पाय धुवा. काका बाजूने आत निघून गेले. पद्मजाने ओले बूट उंबऱ्याबाहेर काढले, काकूंच्या हातातला टॉवेल घेतला, आणि पाय पुसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.